सात फुटांच्या हद्दीत : ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरील प्रकल्प नोंदी

11 फेब्रुवारी 2023, स्टॅफर्डशरमधील सुकी गोदी

धाकटा भाऊ आणि मी चार महिने जिच्या मागे होतो, ती नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांबट नौका, आज प्रथमच पाण्याबाहेर पाहायला मिळाली. तिची लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच आणि बांधणी 1991 सालची आहे. पाण्यात असताना नौकेचा जो भाग दिसतो त्यावर रंगरंगोटी, पितळी कड्या आणि गुलाबांची चित्रे असतात; खरेदीचा निर्णय मात्र जो भाग दिसत नाही त्यावरून करायचा असतो. सर्वेक्षकाने तळाला आणि बाजूंना ठिकठिकाणी ध्वनिलहरींचे यंत्र लावून पत्र्याची जाडी मोजली. बांधणीच्या वेळी तळ 10 मिलिमीटर, बाजू 6 आणि केबिन 4 मिलिमीटर अशी मापे होती. आज तळाची सर्वांत कमी नोंद 8.1 आणि जलरेषेलगत बाजूची सर्वांत कमी नोंद 4.7 आली. विमा कंपन्या साधारणपणे 4 मिलिमीटरखाली गेलेल्या पत्र्याला हरकत घेतात, म्हणजे आमच्या हाती बत्तीस वर्षांनंतर जेमतेम पाऊण मिलिमीटरची शिल्लक आहे. भावाचा चेहरा पडला, पण मला हा आकडा समाधानकारक वाटला. गंज कुठे आणि किती आहे हे कळले की त्यावर उपाय करता येतो.

प्रकल्पाची व्याप्ती आजच लिहून ठेवते. नौका विकत घेऊन प्रवासायोग्य करणे हा पहिला भाग आहे. ग्रेट हेवूडपासून अँडरटनपर्यंत इंग्लंडमधल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या अरुंद टप्प्यातून ती नेणे, आणि या कालव्याची मापे अशी का ठरली हे जागेवर जाऊन समजून घेणे हा दुसरा. मराठीत कालवा म्हटले की डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो. मालवाहतुकीसाठीच खणलेला कालवा ही कल्पना मला या देशात दहा वर्षे काढल्यावरही अंगवळणी पडलेली नाही.

26 फेब्रुवारी 2023

व्यवहार पूर्ण झाला. नौकेला मोटारीसारखे सरकारी मालकीपत्रक नसते. विक्रीखत, जुन्या पावत्या आणि आधीच्या मालकांची साखळी यांवर विश्वास ठेवावा लागतो. दर चार वर्षांनी करून घ्यावयाच्या सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना ही तीन कागदपत्रे मात्र अनिवार्य आहेत. कायमची बांधायची जागा नसेल, तर 1995 च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही आणि प्रवास खरोखरच चालू ठेवावा लागतो. आम्ही दोघेही नोकरदार असल्यामुळे ग्रेट हेवूडजवळ वर्षाच्या भाड्याने जागा घेतली.

18 आणि 19 मार्च 2023

तळाला डांबर देण्याचे काम केले. प्रथम दाबाच्या पाण्याने शेवाळ आणि शिंपले उडवले, मग खरवडणीने सैल गंज काढला आणि पत्रा वाळल्यावर डांबराचे तीन हात दिले. जलरेषेच्या पट्ट्याला चौथा हात दिला, कारण हवा आणि पाणी आळीपाळीने लागत असल्याने सर्वाधिक झीज तिथेच होते. मॅग्नेशियमच्या जुन्या वड्या झिजून सुपारीएवढ्या उरल्या होत्या. पत्र्याऐवजी आपण झिजावे एवढ्यासाठीच त्या जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांची ही अवस्था त्यांनी काम केल्याचा पुरावाच म्हणावा लागेल. नव्या चार वड्या जोडून घेतल्या. हे सगळे दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावे लागणार आहे. कोकणातल्या होड्यांना पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून जे केले जाते, त्याहून हे तत्त्वतः वेगळे नाही. हात तेवढेच काळे होतात.

8 एप्रिल 2023

आतली मोजमापे घेतली, आणि सारा प्रकल्प एका आकड्याभोवती फिरतो हे प्रथमच अंगाने जाणवले. बाहेरची रुंदी 6 फूट 10 इंच. त्यातून दोन्ही बाजूंचा पत्रा, उष्णतारोधक थर आणि लाकडी अस्तर वजा करावे लागते. शिवाय केबिनच्या भिंती वरच्या बाजूला आत कललेल्या असतात, म्हणजे कमानींना घासत नाहीत. हाती राहते ती जेमतेम सहा फुटांची मोकळी जागा. पलंग चार फुटांचा केला तर वाट दोन फुटांची उरते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने ओट्याला पाठ लावून उभे राहावे लागते. चाळीतल्या खोलीत वाढलेल्या आईला छायाचित्र पाठवले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “आणि पाहुणे आले तर?”

दुपारी इंजिनाकडे वळलो. सुकाणूखालच्या तळात तळहातभर पाणी साचले होते. प्रोपेलरचा दांडा जिथून नौकेबाहेर जातो तिथल्या स्टर्न ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येणे स्वाभाविकच असते, पण इथे धार लागली होती. भावाने आतली पाणी अडवणारी जुनी, कडक झालेली वेणी काढून नवी बसवली, ग्रीस भरले आणि दोन्ही बाजूंचे नट समान घट्ट केले. ते अति घट्ट झाले तर दांडा तापतो आणि सैल राहिले तर तळात पाणी भरते. हाताने दांडा फिरवत मधली स्थिती शोधण्यात दीड तास गेला.

20 मे 2023, ग्रेट हेवूड ते स्टोन

प्रवासाला प्रारंभ झाला. ग्रेट हेवूड येथे स्टॅफर्डशर अँड वूस्टरशर कालवा येऊन मिळतो. दोन्ही कालवे जेम्स ब्रिंडलीच्या आराखड्यावरचे. डर्बीशरच्या ग्रामीण भागात जन्मलेला, गिरण्यांची यंत्रे बसवणारा आणि लिहिण्यावाचण्यात कच्चा असलेला हा कारागीर, ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा वर्स्ली ते मँचेस्टर कालवा 1761 मध्ये पाण्याने भरल्यावर, देशातला सर्वांत मागणी असलेला कालवातज्ज्ञ झाला. त्या कालव्यामुळे मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आल्याचे सांगतात. त्यानंतर प्रत्येक कारखानदाराला आपल्या दारात कालवा हवासा वाटू लागला.

स्टोनपर्यंत सगळी लॉक, म्हणजे नौका चढवण्या-उतरवण्याच्या दरवाजांच्या कोठ्या, चढणीची होती. एक जण सुकाणूवर, दुसरा विंडलास, म्हणजे झडपा फिरवण्याची किल्ली, घेऊन काठावर: खालचा दरवाजा उघडून नौका आत घ्यायची, दरवाजा लावायचा, वरच्या झडपा हळूहळू उचलायच्या, पाणी समपातळीला आले की वरचा दरवाजा पाठीने रेटायचा. नौकेच्या दोन्ही बाजूंना केवळ बोटभर जागा उरते. अरुंद लॉक साधारण 72 फूट लांब आणि 7 फूट रुंद असते. 8 फुटांचा चढ धरला तर एका वेळेस 4,032 घनफूट, म्हणजे सुमारे 1 लाख 14 हजार लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली जाते. एक नौका कालव्याचा माथा, म्हणजे सर्वांत उंच पट्टा, ओलांडते तेव्हा माथ्यावरचे असे एकेक लॉकभर पाणी दोन्ही उतारांवर खर्ची पडते. हीच लॉक 14 फूट रुंद असती तर एकेकट्या नौकेमागे हा खर्च दुप्पट झाला असता. चहा पिता पिता वहीच्या कोपऱ्यात केलेल्या या गुणाकाराने सात फुटांचे निम्मे कोडे सुटले. उरलेले निम्मे हेअरकॅसलच्या टेकडीत आहे.

या कालव्याचे एक वैशिष्ट्य इथे नोंदवणे आवश्यक आहे. त्याची दोन्ही टोके रुंद आहेत. ट्रेंटच्या बाजूने बर्टनजवळपर्यंत आणि मर्सीच्या बाजूने मिडलविचपर्यंत मोठ्या पडावांना वाव होता. अरुंद आहे तो मधला पट्टा. त्यामुळे ट्रेंटवरचा मोठा पडाव मर्सीपर्यंत कधीच जाऊ शकला नाही, आणि मधल्या पट्ट्याला साजेशी 7 फुटांची नौका हीच मध्य इंग्लंडच्या बहुतेक कालव्यांची प्रमाणनौका बनली.

22 मे 2023, स्टोक आणि एट्रुरिया

सकाळी प्रोपेलरच्या पंख्यात काहीतरी अडकून इंजिन गुरगुरू लागले. मागच्या तळातले झाकण काढून, कोपरापर्यंत हात थंड पाण्यात घालून, भावाने एका फुलाफुलांच्या पडद्याचे दोन मीटर कापड सुरीने कापून काढले. झाकण पुन्हा नीट बसवले आहे की नाही हे मी दोनदा तपासले, कारण ते सैल राहिले तर चालत्या इंजिनाने मागचा भाग पाण्याने भरू शकतो.

स्टोकची पाच लॉक चढून एट्रुरियाला पोहोचलो. इथे कॉल्डन कालव्याचा फाटा फुटतो आणि संगमावर ब्रिंडलीचा पुतळा उभा आहे. 26 जुलै 1766 रोजी या कालव्याची पहिली कुदळ मारली ती जोसाया वेजवुड या कुंभारकामाच्या कारखानदाराने; तो कंपनीचा खजिनदारही होता. त्याचा स्वार्थ उघड होता. नैऋत्य इंग्लंडची पांढरी माती आणि गारगोट्या समुद्रमार्गे येत, पण बंदरापासून पुढे खेचरांच्या पाठीवरून खराब रस्त्याने. तयार कपबश्या त्याच रस्त्याने परत जात आणि वाटेत फुटत. कालवा पूर्ण होण्याआधीच, 1769 मध्ये, त्याने आपला एट्रुरियाचा नवा कारखाना नियोजित पाण्याच्या काठावर सुरूही केला. त्या कारखान्याची एक गोल इमारत तेवढी आज उभी आहे. बाकी सारे गेले.

गिरगावात वाढलेल्या मला या गावात एक अनपेक्षित ओळख निघाली. जॉन लॉकवुड किपलिंग हा शिल्पकार शेजारच्या बर्स्लेम येथील मातीकामाच्या कारखान्यात नक्षीकार होता. 1865 मध्ये तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकवायला गेला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची आणि बाजारकरांची शिल्पपट्टी त्याची. शाळेतून परतताना मी तिच्याखालून शेकडो वेळा गेले असेन. त्याची आणि त्याच्या पत्नीची भेट इथून जवळच्या रुडयार्ड तलावाकाठी झाली होती आणि 1865 च्या अखेरीस मुंबईत जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी त्या तलावावरून ठेवले. तो तलाव निसर्गनिर्मित नाही. कालव्याच्या माथ्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला तो जलाशय आहे. परवा हिशोब केलेल्या त्या लाखभर लिटरची सोय म्हणून जे पाणी अडवले गेले, त्याच्यावरून एका मुंबईकर बाळाचे नाव पडले, हे भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ताई, सगळे रस्ते तुला मुंबईलाच का नेतात?”

23 मे 2023, हेअरकॅसल बोगदा

आजची नोंद लांबणार आहे.

टेकडीच्या दक्षिण बाजूला पोहोचताच पाण्याचा रंग बदलतो. खडकातून झिरपणाऱ्या लोहामुळे ते गेरूसारखे तांबडे होते, आणि डांबर दिलेल्या आमच्या नौकेच्या बाजूंवर अर्ध्या तासात तांबूस रेघ उमटली. तोंडाशी दोन बोगदे दिसतात. एक उंच, नीट बांधलेला, वापरात असलेला. दुसरा पाण्यात खचलेला, बंद केलेला. तो ब्रिंडलीचा.

ब्रिंडलीने 1766 मध्ये काम सुरू केले तेव्हा 2,880 यार्ड, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त लांबीचा कालव्याचा बोगदा इंग्लंडमध्ये कोणी केलेला नव्हता. टेकडीवरून ठिकठिकाणी विहिरी खणून तळापासून दोन्ही दिशांना पोखरत जायचे अशी पद्धत होती. कठीण खडक लागला, वाळूचे थर कोसळले, पाणी आत शिरले. उपसण्यासाठी वाफेची यंत्रे लावावी लागली. काम 11 वर्षे चालले. ब्रिंडली 1772 मध्येच वारला. त्याचा मेहुणा ह्यू हेनशॉल याने 1777 मध्ये बोगदा आणि त्याबरोबर साडेत्र्याण्णव मैलांचा हा कालवा पूर्ण केला. एवढ्या त्रासाच्या कामात बोगदा जेमतेम 9 फूट रुंद ठेवला गेला याचे आश्चर्य वाटत नाही. रुंद नौकेसाठी रुंद बोगदा खणायचा म्हणजे तितका अधिक खडक, अधिक विटा आणि अधिक वर्षे. बोगदा अरुंद, म्हणून त्यातून जाणारी नौका अरुंद, म्हणून माथ्याकडे चढणारी लॉक अरुंद, आणि पाण्याची बचत हा त्यातला दुसरा लाभ. माझ्या पलंगाशेजारच्या दोन फुटांच्या वाटेचा उगम मी या टेकडीत मानते.

स्थापत्य अभियंता म्हणून माझे मत असे आहे की ब्रिंडलीचा निर्णय त्या दशकापुरता बरोबर होता. एवढेच भांडवल, एवढेच पाणी आणि असला खडक हाती असताना मीही हेच केले असते. पण त्याची किंमत नंतर चुकवावी लागली. एका नौकेत 25 टनांच्या आसपास माल मावायचा. आगगाडी आल्यावर एवढ्या छोट्या घासांनी माल हलवणे परवडेनासे झाले. 1846 मध्ये हा कालवाच नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वेच्या ताब्यात गेला.

ब्रिंडलीच्या बोगद्यात टोपाथ, म्हणजे घोड्याची ओढवाट, नव्हती. घोडा टेकडीवरून चालत नेत आणि नावाडी फळीवर उताणे पडून, भिंतींना पाय लावत, पावलापावलाने नौका पुढे ढकलत. एका खेपेला दोन-तीन तास लागत. पन्नास वर्षांत वाहतूक इतकी वाढली की टॉमस टेलफर्ड या अभियंत्याला शेजारी दुसरा बोगदा खणण्याचे काम मिळाले. 1824 ते 1827 या तीन वर्षांत त्याने 2,926 यार्डांचा, ओढवाटेसह, सरळ बोगदा पुरा केला. जिथे एकाला 11 वर्षे लागली तिथे दुसऱ्याला 3. यात टेलफर्डचे कौशल्य आहेच, पण टेकडीच्या पोटात काय आहे हे त्याला आधीच ठाऊक होते, हेही विसरता कामा नये.

बोगदारक्षकाने भोंगा आणि पुढचा दिवा तपासला, छताची उंची कुठे कमी होते ते सांगितले आणि आत अडचण आली तर भोंगा कसा वाजवायचा याची उजळणी करून घेतली. वाहतूक एका वेळी एकाच दिशेने चालते. दक्षिण तोंडाला दरवाजे आहेत; नौका आत गेल्यावर ते बंद होतात आणि मोठे पंखे हवा ओढू लागतात. ही व्यवस्था 1954 ची. त्याआधी चाळीस वर्षे तळाशी पडलेल्या तारेला धरून पुढे सरकणारी विजेची ओढनौका इथे चालत असे. दरवाजा बंद झाल्याचा आवाज मागून आला आणि पुढची चाळीस मिनिटे आमच्या दिव्याचा गोळा, विटांवरचे ओघळ आणि मानेवर पडणारे थेंब याखेरीज काहीही नव्हते. मधल्या भागात जमीन खचल्यामुळे छत इतके खाली येते की सुकाणूवर उभे राहता येत नाही; मी 5 फूट 3 इंच असूनही नकळत वाकले. भाऊ, ज्याने गड चढताना कधी माघार घेतलेली नाही, पुढच्या टोकाला बसून मोठ्याने रामरक्षा म्हणत होता. बाहेर आल्यावर त्याने हे नाकारले.

25 मे 2023, चेशरची उतरण

टेकडीपलीकडे व्हीलॉकपर्यंत 7 मैलांत 26 लॉक उतरायची असतात. नावाडी याला ‘हार्टब्रेक हिल’ म्हणत. गर्दी कमी करण्यासाठी टेलफर्डच्या सल्ल्याने 1830 च्या दशकात इथली बहुतेक लॉक जोडीची केली गेली, त्यामुळे आजही शेजारी शेजारी दोन कोठ्या दिसतात. रुंदीकरण करण्याऐवजी तीच 7 फुटांची कोठी शेजारी पुन्हा बांधली. बोगदा बदलल्याविना लॉक रुंद करून उपयोग नव्हता.

नवव्या लॉकमध्ये माझ्या हातून गंभीर चूक झाली. उतरताना वरच्या दरवाजाखालचा दगडी उंबरठा पाणी कमी होताच उघडा पडतो आणि नौकेचे मागचे टोक त्यावर टेकले, तर पुढचा भाग खाली जात राहून नौका बुडू शकते. ती मर्यादा दाखवणारी पांढरी रेघ भिंतीवर असते. मी शेजारच्या कोठीतले झाड पाहण्यात गुंतले होते आणि नौका मागे सरकलेली लक्षात आली नाही. सुकाणूचे पाते घासल्याचा आवाज झाला. “ताई, पुढे घे! पुढे!” असे ओरडत भावाने झडपा धाडकन सोडल्या, पाणी थांबले, आणि मी इंजिनाला जोर देऊन नौका पुढे घेतली. नुकसान एवढेच की सुकाणूच्या पात्याच्या खालच्या कोपऱ्याचे डांबर गेले. उरलेल्या सतरा लॉकमध्ये आम्ही दोघांनीही फारसे बोलणे केले नाही. यापुढचा नियम असा की उतरताना सुकाणूवरच्या व्यक्तीने रेघेखेरीज कशाकडेही पाहू नये, आणि काठावरच्या व्यक्तीने होकार मिळाल्याशिवाय झडप उचलू नये.

27 मे 2023, मिडलविच

श्रॉपशर युनियन कालव्याच्या फाट्याला जोडणारा, 1829 चा वॉर्डल कालवा पाहिला. लांबी 154 फूट. नौका स्वतःच्या तिप्पट लांबीइतकीही पुढे गेली नाही तोच तो संपतो. ट्रेंट अँड मर्सी कंपनीने हा तुकडा स्वतःच्या मालकीचा ठेवला, म्हणजे जकात वसूल करता येईल. गावाच्या शेवटी मिडलविचचे मोठे लॉक लागले आणि आठवड्याभरात प्रथमच नौकेच्या बाजूला मोकळे पाणी दिसले. डिझेल भरले, पाण्याची टाकी भरली, शौचालयाची टाकी रिकामी केली.

29 मे 2023, अँडरटन

नॉर्थविचच्या आसपासची जमीन मिठावर बसलेली आहे. खाऱ्या पाण्याचा उपसा करून मीठ काढल्यामुळे खाली पोकळ्या झाल्या आणि वरची घरे, रस्ते, कालवा खचत गेले. मार्स्टनजवळ 1958 मध्ये कालव्याला नवी वाट खणून द्यावी लागली. हे मीठ अँडरटनला घसरगुंड्यांवरून खालच्या वीव्हर नदीतल्या नौकांत ओतत आणि लिव्हरपूलमार्गे ते जगभर जाई. एकोणिसाव्या शतकात त्याचा एक मोठा गिऱ्हाईक बंगाल होता. शिरोडा आणि वडाळा येथे 1930 मध्ये मिठासाठी लाठ्या खाल्लेल्या लोकांच्या गोष्टी ऐकत मी वाढले. त्या करामागच्या व्यापाराचे दुसरे टोक पायाखाली असल्याची जाणीव विचित्र होती.

घसरगुंड्यांऐवजी नौकाच खाली उतरवावी म्हणून 1875 मध्ये इथे लिफ्ट उभारली गेली. कालवा आणि नदी यांतला फरक 50 फुटांचा. पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी पेट्या एकमेकींना तोलून धरतात. प्रत्येकीत दोन नॅरोबोटी मावतात. मूळ रचनेत दोन्ही पेट्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांवर होत्या, पण कालव्याच्या दूषित पाण्याने दट्टे खाऊन टाकले आणि 1908 पर्यंत सारी यंत्रणा वीज, कप्प्या आणि वजनांवर न्यावी लागली. 1983 मध्ये लिफ्ट बंद झाली, 2002 मध्ये पुन्हा सुरू झाली, या वेळी दट्ट्यांत पाण्याऐवजी तेल वापरून. खाली उतरण्याचा बेत या खेपेस नव्हता. काठावरून तासभर पाहिले.

संध्याकाळी नौका बांधल्यावर जलरेषेची पाहणी केली. डाव्या बाजूला मधोमध हातभर लांबीचा ओरखडा असून तो पत्र्यापर्यंत गेला आहे. हेअरकॅसलचा गेरू त्यात बसला आहे. तारेच्या ब्रशने घासून डांबराचा तात्पुरता हात दिला. मॅग्नेशियमच्या वड्या शाबूत आहेत. स्टर्न ग्लँडमधून मिनिटाला दोन थेंब येत आहेत. परतीचा प्रवास 10 जूनपासून.